लाकडाचा ओलावा घरच्या घरी कसा मोजायचा

फोंड्यातल्या माझ्या सुतारशाळेत इंजिनिअरिंगची पोरं तीनमजली लाकडी सांगाड्यावर प्रयोग करायला येतात. पहिलं वाक्य ठरलेलं, ‘काका, नॉर्वेत 18 मजली लाकडी इमारत उभी आहे.’ आहे ना, म्योस्टॉर्नेट, 2019ची, 85.4 मीटर. पण तिथे आपला आषाढ नाही!

तेव्हा आधी ओलावा मोजा. तुळईच्या टोकापासून हातभर आत तुकडा कापा. टोक लवकर वाळतं, ते खोटं बोलतं. लगेच वजन करा. मग 103 अंश सेल्सिअसला ओव्हनमध्ये ठेवा, वजन उतरायचं थांबेपर्यंत. समजा 230 ग्रॅमचे 200 झाले, तर 30 भागिले 200, म्हणजे 15 टक्के. भागायचं कोरड्या वजनाने. पोरं इथेच चुकतात. 20च्या वर गेलं तर बुरशीला आमंत्रण. ते लाकूड मध्ये पट्ट्या घालून, वारा खेळेल असं परत रचून ठेवा.

माझंही चुकलंय. दोन वर्षांमागे एका खांबाचं बूड थेट काँक्रीटवर टेकवलं. काँक्रीटमधलं पाणी बुडातून वर चढलं. पुढच्या चवथीला तिथे नख रुतत होतं. आता खांबाखाली लोखंडी बूट, म्हणजे बूड धरून ठेवणारी बैठक, आणि बूड व काँक्रीटमध्ये बोटभर फट. वाळवी आलीच तर निदान दिसते.