सैन्यभरतीचे सोळाशे मीटर: नव्याने सराव सुरू करणाऱ्यांसाठी

सैन्यभरतीच्या मैदानावर उमेदवाराला धावायचे असते ते अवघे १६०० मीटर. पण त्यासाठी आमच्या सातारा-कराड भागातील मुले रोज पहाटे डांबरी रस्त्याने आठ-दहा किलोमीटर पळतात आणि तरीही चाचणीच्या दिवशी पाच-सात सेकंदांनी मागे राहतात. सैन्यातून निवृत्त झाल्यापासून मी गावातील हायस्कूलच्या मैदानावर भरतीच्या मुलांचा सराव घेतो. दम कमी पडल्यामुळे मागे राहिलेली मुले मला त्यात फार थोडी दिसली. बाकीच्यांना ठरलेल्या वेगाने, नीट मोजलेल्या मैदानावर आणि गर्दीतून धावण्याची सवयच नसते.

आधी गुणांचा हिशेब समजून घ्यावा. जनरल ड्युटी अग्निवीर पदासाठी १६०० मीटर ५ मिनिटे ३० सेकंदांच्या आत पूर्ण केल्यास ६० गुण मिळतात आणि त्यापुढे ५ मिनिटे ४५ सेकंदांपर्यंत ४८ गुण मिळतात. २०२५ च्या भरतीत वेळेचे आणखी दोन गट वाढवले गेले. ६ मिनिटांपर्यंत ३६ आणि ६ मिनिटे १५ सेकंदांपर्यंत २४ गुण. बीमवर, म्हणजे आडव्या दांड्याला लटकून, १० पुलअप काढल्यास ४० गुण, तर ८ काढल्यास २७ गुण. नऊ फुटांचा खड्डा उडी मारून ओलांडणे आणि झिगझॅग तोल, म्हणजे अरुंद नागमोडी पट्टीवरून तोल सांभाळत चालणे, यांना गुण नाहीत, फक्त उत्तीर्ण व्हावे लागते. याचा अर्थ असा की धावेत ५:३० ऐवजी ५:३१ लागले तर एका सेकंदापायी १२ गुण जातात, म्हणजे जवळजवळ दोन पुलअपची मेहनत वाया जाते. मुलींसाठी लष्करी पोलीस दलातील अग्निवीर पदाला हेच अंतर असून पहिला गट साडेसात मिनिटांचा आणि दुसरा आठ मिनिटांचा आहे. निकष बदलत राहतात, त्यामुळे मित्राने पाठवलेल्या मेसेजवर न विसंबता त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी.

साडेपाच मिनिटांत १६०० मीटर म्हणजे ४०० मीटरच्या चार फेऱ्या, प्रत्येकी साडेब्याऐंशी सेकंदांच्या. प्रत्यक्षात घडते ते वेगळेच. शिट्टी वाजते, शंभरएक मुले एकदम सुटतात, मागे पडण्याच्या धास्तीने आपलाही पाय आपोआप सुटतो आणि पहिली फेरी ७० सेकंदांत होते. त्या क्षणी फार बरे वाटते. दुसऱ्या फेरीला ८४ सेकंद लागतात, तिसऱ्या फेरीत पोटात कळ येते, मांड्या जड होतात आणि ९२ लागतात, शेवटची कशीबशी ९० सेकंदांत होते. बेरीज ५ मिनिटे ३६ सेकंद. याच मुलाने पहिल्या फेरीत घाई केली नसती, तर तो पहिल्या गटात सहज बसला असता. म्हणून सरावात ८२ सेकंदांची फेरी घड्याळ न पाहता ओळखता येईल, इतकी ती अंगवळणी पडली पाहिजे. मी मुलांना दोनशे मीटरवर उभा राहून वेळ ओरडून सांगतो. तिथे ४१ सेकंद यायला हवेत. सुरुवातीला बहुतेक जण ३५ सेकंदांतच तिथे पोहोचतात आणि वर त्याचा अभिमानही बाळगतात.

दुसरी गोष्ट मैदानाच्या मापाची. गावातील बहुतेक मैदाने पावलांनी मोजून फक्कीने आखलेली असतात आणि दोनशे मीटरची म्हटलेली फेरी अनेकदा १८५ मीटरच भरते. अशा मैदानावर पाच मिनिटे वीस सेकंदांची वेळ मिळवून निश्चिंत झालेला मुलगा भरतीत गोंधळून जातो. मोबाइलमधील ॲप लहान फेऱ्यांवर बरेच चुकते, तेव्हा पन्नास मीटरची टेप आणून एकदाच नीट मोजणी करावी आणि कोपऱ्यांवर दगड रोवून ठेवावेत. याहून महत्त्वाचे म्हणजे वळणावर आतली कड धरून धावावे. आतल्या कडेपासून एक मीटर बाहेरून धावणाऱ्याला दर फेरीत सुमारे सव्वासहा मीटर जास्त धावावे लागते. दोन मीटर बाहेर राहिला तर चार फेऱ्यांत हे अंतर पन्नास मीटर होते आणि त्या वेगाने त्याला दहा सेकंद लागतात. गर्दीत कोणाला ओलांडायचेच असेल तर ते सरळ पट्ट्यावर ओलांडावे, वळणावर नव्हे. सराव करताना आठ-दहा जणांनी मुद्दाम एकत्र, खांद्याला खांदा लावून धावावे, म्हणजे कोपर लागले किंवा पायात पाय आला तरी लय मोडत नाही.

ज्याने आजवर धावणे केलेलेच नाही, त्याने पहिले काही आठवडे घड्याळ घरीच ठेवावे. थोडे धावणे, थोडे चालणे, पुन्हा धावणे, असे करत सलग अर्धा तास सावकाश धावता येईपर्यंत वेगाच्या मागे लागू नये. धावताना शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता आले की वेग योग्य आहे, असे समजावे. हा पाया टाळता येत नाही, कारण १६०० मीटरच्या धावेत लागणारी बहुतेक ऊर्जा शरीर प्राणवायूच्या जोरावरच तयार करते. त्यानंतर आठवड्यातील दोन दिवस वेगाचे ठेवावेत: एके दिवशी ८२ ते ८४ सेकंदांच्या पाच-सहा फेऱ्या, मध्ये दोन-तीन मिनिटे चालणे, दुसऱ्या दिवशी दोनशे मीटरचे तुकडे किंवा चढावरची धाव. एक दिवस सहा-आठ किलोमीटर सावकाश धावावे आणि एक दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. पूर्ण सोळाशेची परीक्षा पंधरा दिवसांतून एकदा पुरेशी आहे. रोज वेळ लावून पळणारा मुलगा महिन्याभरात एकाच वेळेवर अडकून पडतो. धाव संपल्यावर थोड्याच वेळात बीमला लटकायचे असते, म्हणून पुलअपचा सराव आठवड्यातून एक-दोनदा तरी धावून दमल्यावर करावा. ताज्या दमाने दहा काढणाऱ्याचे अशा वेळी सातच निघतात, हे घरीच कळलेले बरे.

रस्त्यावर धावणाऱ्यांना एक गोष्ट मी दर वर्षी बजावतो. आमच्याकडे नोव्हेंबरपासून कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो आणि पहाटेच्या अंधारात उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर चाललेले असतात. ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला असतो, मागे लाल दिवा असेलच याची खात्री नसते आणि आत वाजणाऱ्या गाण्यांपुढे चालकाला हाक ऐकू जात नाही. म्हणून उजव्या बाजूने, समोरून येणारे वाहन दिसेल असे धावावे, अंगात फिकट रंगाचा शर्ट असावा आणि कानात इअरफोन नसावेत. कालव्याच्या भरावावरची मातीची वाट मिळत असेल तर रस्ता सोडूनच द्यावा, कारण डांबरावर रोज पळून नडग्या धरतात. नडगीचा बराचसा भाग दुखत असेल तर काही दिवस धाव कमी करून भागते. पण हाडावर बोटाने दाबल्यावर एकाच ठिकाणी कळ उठत असेल, तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो आणि तेव्हा धावणे थांबवून डॉक्टरांकडेच जावे.

उन्हाचा धोका मुले फारच हलक्यात घेतात. २०२४ मध्ये झारखंडमधील उत्पादन शुल्क शिपाई भरतीत दहा किलोमीटर धावण्याच्या चाचणीच्या काळात दहाहून अधिक उमेदवारांचा मृत्यू झाला. मार्चनंतर सराव सूर्योदयापूर्वी संपवावा, ताप किंवा जुलाब असताना धावू नये, आणि धावताना कोणी बरळू लागला किंवा त्याचा तोल जाऊ लागला तर त्याला ताबडतोब सावलीत नेऊन अंगावर भरपूर पाणी ओतावे व दवाखान्यात हलवावे. दम वाढवणारी म्हणून जी इंजेक्शने आणि गोळ्या मैदानाबाहेर विकल्या जातात, त्यांना हात लावू नये; हृदयाला धोका असतोच, शिवाय चाचणीत सापडल्यास उमेदवारी रद्द होते. भाकरी, उसळ, अंडी, शेंगदाणे-गूळ आणि रात्रीची पुरेशी झोप यांवर आजवर पुष्कळ मुले भरती झालेली आहेत.

भरतीच्या मेळाव्याला अनेकदा मध्यरात्रीनंतरच हजर व्हावे लागते, तासन्‌तास रांगेत बसावे लागते आणि धाव उजाडताना होते. त्यामुळे एकदा तरी रात्री अर्धवट झोपून, पहाटे एक-दोन केळी खाऊन पूर्ण वेगाने धावून पाहावे. त्या दिवशी नवे बूट घालू नयेत. रांगेत बसून पाय आखडतात, म्हणून आपला गट पुकारला जाण्यापूर्वी जागच्या जागी पाय मोकळे करून घ्यावेत.

निवड यादीत नाव आल्यावर बरीच मुले धावणे सोडून देतात आणि प्रशिक्षण केंद्रात रुजू होण्यापूर्वीच्या महिन्यांत जत्रा, लग्ने आणि सत्कार यांतच अडकून पडतात. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात जा किंवा नाशिक रोडच्या तोफखान्याच्या केंद्रात, तिथे २.४ किलोमीटरची आणि पुढे पाठीवर सामान व हातात रायफल घेऊन ५ किलोमीटरची धाव वाट पाहत असते. तेव्हा रुजू होईपर्यंत आठवड्यातून चार दिवस तरी सावकाश धाव चालू ठेवावी आणि अंतर हळूहळू पाच-सहा किलोमीटरवर न्यावे.