केक आणि नानकटाईसाठी साखर कशी निवडावी

बेकिंगमध्ये साखर केवळ गोडी आणत नाही. ती ओलावा धरून ठेवते, रंग देते आणि लोणी फेटताना तिचे कण त्यात हवेचे बारीक कप्पे निर्माण करतात, ज्यामुळे केक हलका होतो. आपल्याकडील दाणेदार साखर जाड असल्याने लोण्यात नीट मिसळत नाही, म्हणून केकसाठी ती मिक्सरमध्ये काही क्षणच फिरवून बारीक रव्याइतकी करावी. पार पीठ केल्यास हवा धरणारे कण उरत नाहीत. नानकटाईला मात्र पिठीसाखरच हवी, कारण जाड साखरेने ती ओव्हनमध्ये पसरते. विकतच्या आयसिंग शुगरमध्ये बहुधा कॉर्नफ्लोअर असते. ती क्रीमसाठी राखून ठेवावी.

ब्राउन शुगरमधील मळीच्या अंशामुळे बिस्किटे मऊसर राहतात. गूळ वापरायचा असल्यास तो बारीक किसून, वजनाने साखरेइतकाच घ्यावा. तो किंचित आम्लधर्मी असल्याने कृतीत चिमूटभर खाण्याचा सोडा असावा, आणि गूळ लवकर करपत असल्याने केक १८० ऐवजी १७० अंश सेल्सिअसवर भाजावा. कणकेच्या केकमध्ये कोल्हापुरी गुळाचा खमंगपणा मला कोणत्याही साखरेपेक्षा अधिक प्रिय आहे.