वणवा आणि किनाऱ्यावरचा सर्फ कॅम्प: तयारी, बाहेर पडणे, शेवटचा आसरा

बोर्डावर उभा राहून लाटांवरून घसरणाऱ्या सर्फरला हवा असतो तोच वारा वणव्यालाही हवा असतो. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा ऑफशोअर वारा लाटा सुबक ठेवतो, पण रानावरून येताना तो कोरडा असतो आणि आग थेट किनाऱ्याकडे ढकलतो. गवत वाळलेलं असेल आणि अंदाज ऑफशोअरचा असेल, तर सकाळी लाटांआधी वणव्याचे इशारे बघा. दिवसा खारे वारे आगीला आत रेटत असले तरी गाफील राहू नका; रात्री मतलई वारे सुटले की तीच आग उलटी फिरू शकते.

कॅम्प जळतो तो बहुतेकदा ज्वाळांनी नाही, उडत आलेल्या ठिणग्यांनी. त्या आगीच्या पुढे एखाद-दोन किलोमीटरवरही पडतात. झावळ्यांचं छप्पर असेल तर खोली वाचवायचा विचारच सोडा. पत्र्याचं असेल तर पन्हाळीतला पाचोळा काढा आणि झरोक्यांना तीन मिलिमीटर किंवा त्याहून बारीक धातूची जाळी लावा. भिंतीपासून दीड मीटरपर्यंत जळण्यासारखं काही नको: चटया नकोत, बोर्डांचा रॅकही नको. बोर्डांमधले फोम आणि रेझिन पेटले की धूर विषारी असतो. त्यापुढे तीस मीटरपर्यंत गवत कापलेलं, झाडांच्या खालच्या फांद्या छाटलेल्या हव्यात. गॅस सिलिंडर बंद करून इमारतीपासून दूर, उभे ठेवा. छपरावर तासभर आधी पाणी मारणं म्हणजे टाकी रिकामी करणं. गरम वाऱ्यात ते काही मिनिटांत सुकतं. पंप पेट्रोलवर चालणारा हवा, कारण वीज आधी जाते.

रस्ता एकच असेल तर निघायची खूण आधीच ठरवा, आणि ती ज्वाळा दिसण्याच्या बरीच आधीची असू द्या. गाड्या तोंड रस्त्याकडे करून, टाकी भरून उभ्या ठेवा. मोबाइल टॉवर बंद पडतात, म्हणून सॅटेलाइट मेसेंजर, म्हणजे उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र, हवा. निघताना डोकी मोजा. पाण्यात गेलेला एखादा हमखास विसरला जातो. बोर्ड बांधत बसू नका. अंगात लांब बाह्यांचे सुती किंवा लोकरी कपडे, पायात चामड्याचे बूट. वेटसूट घालून आगीसमोर जाऊ नका. त्याच्या निओप्रीन रबरावरचं नायलॉनचं कापड वितळून कातडीला चिकटू शकतं.

रस्ता तुटलाच तर पुळण. ऑस्ट्रेलियात मालाकूटाला २०१९च्या अखेरीस हजारो लोक असे पाण्याकाठी अडकले आणि नंतर अनेकांना नौदलाच्या जहाजांनी हलवलं. पण प्रत्येक पुळण आसरा देत नाही. भरती-ओहोटीचं कोष्टक बघा: ओहोटीला रुंद दिसणारा किनारा भरतीला कड्याला टेकतो. वाळूच्या टेकड्यांवरचं गवत आणि सुरूची झाडं पेटतात, त्यामुळे ओल्या वाळूवर, झाडीपासून ज्वाळेच्या उंचीच्या निदान चौपट अंतरावर थांबा. पाठ आगीकडे, अंगावर लोकरी ब्लँकेट, तोंडावर एन-९५ मास्क. उष्णता असह्य झाली तर कमरेइतक्या पाण्यात उतरा.

बोर्डावरून हातांनी वल्हवत (पॅडल करत) लाटांपलीकडे जाऊ नका. ऑफशोअर वारा धूर आणि बोर्ड दोन्ही समुद्रात नेतो. किनारा दिसेनासा झाला की शोध घेणाऱ्यांनाही तुम्ही दिसत नाही. मुलं आणि पोहता न येणारे लाटांच्या रेषेच्या अलीकडे, मोठ्यांच्या हाताला धरून.

आगीची कड पुढे सरकली की छप्पर, ओटा आणि लाकडाचे ढीग तपासा. पुढचे काही तास निखारे पुन्हा पेट घेतात. रस्ता मोकळा असल्याचं यंत्रणेने सांगेपर्यंत गाडी काढू नका, कारण बुंधे आतून जळलेली झाडं वारा नसतानाही पडतात.