‘अनलिमिटेड’ प्लॅन घेताना चांदणीखालचं वाचा

आईच्या रिपोर्टचा 3 एमबीचा फोटो डॉक्टरांना पाठवत होतो आणि माझा ‘अनलिमिटेड’ प्लॅन नेमका तेव्हाच रखडला. ठरलेला डेटा संपला की वेग 64 केबीपीएस (सेकंदाला 64 किलोबिट), असं चांदणीच्या (*) खुणेखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला जेमतेम 8 केबी (किलोबाइट). फोटो जायला सहा मिनिटांहून जास्त!

म्हणून रिचार्जआधी अटींमध्ये ‘फेअर यूसेज’ म्हणजे वाजवी वापराची मर्यादा शोधा. किती जीबीनंतर वेग घटतो आणि घटून किती उरतो, हे दोन्ही आकडे लिहून घ्या. माझ्या मते दुसराच जास्त महत्त्वाचा. हॉटस्पॉटची मर्यादा बऱ्याचदा वेगळी असते, तीही बघा. महिन्याचा कोटा असेल तर फोनच्या सेटिंग्जमध्ये डेटा वॉर्निंग थोडी अलीकडेच लावा.