विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर काम करताना

वकिलीत समाधान शोधणाऱ्या तरुण वकिलाला ते गाजणाऱ्या युक्तिवादात क्वचितच मिळते. विधी सेवेच्या, म्हणजे गरजूंना मोफत कायदेशीर मदत देण्याच्या, कामात तर ते बहुतेकदा जामिनाच्या कागदपत्रांपाशी सापडते. तीन वर्षांची वकिली झाली की जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलसाठी अर्ज करता येतो. मानधन बेताचेच असते, म्हणून झेपतील तेवढीच प्रकरणे घ्यावीत. कबूल करून तारखेला गैरहजर राहणारा वकील नसलेल्या वकिलापेक्षा वाईट.

मोफत मदतीसाठी पक्षकाराची पात्रता स्वतः पडताळावी. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. तरीही पोटगीसाठी आलेल्या बाईला उत्पन्नाचा दाखला आणायला सांगून परत पाठवले जाते, तेव्हा तिची दिवसाची मजुरी बुडते.

कच्च्या कैद्याला, म्हणजे खटल्याचा निकाल लागायचा असलेल्या कैद्याला, तुरुंगात भेटताना गुन्ह्याच्या हकिगतीआधी अटकेची तारीख, लावलेली कलमे, पूर्वीची शिक्षा आणि इतर प्रलंबित खटले विचारावेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ नुसार साठ किंवा नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आले नाही, तर जामीन हा हक्क ठरतो; मात्र दोषारोपपत्र येण्यापूर्वी अर्ज दिलेला असावा लागतो. कलम ४७९ नुसार, फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे वगळता, पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ कोठडीत काढला असेल, तर सुटकेची मागणी करता येते. एकाहून अधिक खटले प्रलंबित असल्यास ही सवलत मिळत नाही.

खरी अडचण आदेशानंतर सुरू होते. जामीन मंजूर होतो, पण परगावच्या मजुराला ऐपतीचा दाखला असलेला जामीनदार कोठून मिळणार? अशा वेळी त्याची परिस्थिती शपथपत्रावर मांडून जातमुचलक्यावर (जामीनदाराशिवाय, स्वतःच्या हमीपत्रावर) सोडण्याची किंवा रक्कम कमी करण्याची विनंती करावी. आदेशानंतर सात दिवसांत सुटका न झाल्यास तुरुंग अधीक्षकाने प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२३ चा निर्देश आहे; तो अर्जात जरूर नमूद करावा.

पक्षकाराकडून झेरॉक्सचेही पैसे घेऊ नयेत. सुटलेल्या माणसाला पुढची तारीख आणि कोर्टाचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून द्यावा, कारण एका गैरहजेरीने अजामीनपात्र वॉरंट निघू शकते.