वाढत्या तापमानातून वीज मिळेल का? हिशेब आणि चाचणी

पृथ्वी तापते आहे, तर त्याच उष्णतेवर वीज का बनवू नये? प्रश्न रास्त आहे. अडचण अशी की वीज नुसत्या उष्णतेतून मिळत नाही, गरम आणि थंड यांच्यातल्या फरकातून मिळते.

आधी हिशेब. दोन्ही तापमानं केल्विनमध्ये घ्या (सेल्सिअस अधिक २७३) आणि फरकाला गरम बाजूच्या आकड्याने भागा. येते ती कार्यक्षमतेची कमाल मर्यादा. उष्ण कटिबंधात समुद्राचं वरचं पाणी २५ अंश, हजार मीटर खालचं ५ अंश धरलं तर २० ÷ २९८, म्हणजे ६.७ टक्के. खालचं थंड पाणी वर खेचणाऱ्या पंपांचा खर्च वजा जाता हातात २-३ टक्केच उरतात. हवामानबदलाचा अंश-सव्वा अंश तर फरक म्हणूनही वापरता येत नाही, कारण पूर्वीची थंड हवा शेजारी शिल्लक नसते.

हे डोळ्यांनी पाहता येतं. टीईसी१-१२७०६ हे पेल्टिअर मोड्यूल (दोन बाजूंच्या तापमानातल्या फरकावर वीज देणारी छोटी चपटी चकती), सपाट पाठीचा हीट सिंक (उष्णता पसरवणारा पात्यांचा धातूचा ठोकळा), थर्मल पेस्ट (दोन पृष्ठभागांमधली फट भरून उष्णता पुढे नेणारा लेप), २ ओहमचा रेझिस्टर आणि मल्टिमीटर घ्या. हीट सिंकची पाती अर्धा लिटर थंड पाण्यात बुडवा, सपाट पाठ वर ठेवा. पाणी मोड्यूलपर्यंत चढू देऊ नका. मोड्यूलच्या दोन्ही बाजूंना पेस्टचा पातळ थर लावून ते त्या पाठीवर ठेवा आणि त्याच्या तारा मल्टिमीटरला जोडा. वर सपाट बुडाचं अ‍ॅल्युमिनियमचं भांडं ठेवून त्यात गरम पाणी ओता. मोड्यूलच्या दोन पृष्ठभागांत २० अंशांचा फरक असेल तर सुमारे १ व्होल्ट दिसतो. रेझिस्टर जोडला की तो अर्ध्यावर येतो, म्हणजे ०.१२ वॅट.

आता खाली-वर दोन्हीकडे ५० अंशांचं पाणी भरा. उष्णता भरपूर आहे, पण मीटर शून्यावर जातो. सगळं उत्तर या शून्यात आहे.

पहिल्या मांडणीत व्होल्टेज घसरत गेलं तर खालचं पाणी तपासा. मोड्यूलमधून साधारण १० वॅट उष्णता खाली उतरते, त्यामुळे दहा मिनिटांत ते जवळपास ३ अंशांनी तापतं. सुरुवातीलाच आकडा कमी आला तर पेस्ट जाड झाली आहे किंवा मध्ये हवा अडकली आहे. मोड्यूल ज्योतीवर कधीच धरू नका. आतलं सोल्डर १३८ अंशांच्या आसपास वितळतं.

गरम हवेचा खरा उपयोग हीट पंपाला, म्हणजे हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडणाऱ्या यंत्राला होतो. पाणी तापवताना एक युनिट विजेत तो तीनेक युनिट उष्णता देतो, आणि हवा जितकी उबदार तितकं त्याचं काम हलकं. पण तो वीज खातो, बनवत नाही. सौर पॅनेलचं तर उष्णतेने नुकसानच होतं: सेल २५ अंशांपुढे गेला की दर अंशामागे ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं. म्हणून पॅनेल छताला चिकटवून बसवू नका, खाली हवा खेळती राहू द्या.