मोफत प्रवेशाच्या दिवशी राष्ट्रीय संग्रहालय बघायला जाताय? या चुका टाळा

१८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन. १९७७ पासून तो जगभर पाळला जातो आणि त्या दिवशी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात सहसा तिकीट लागत नाही. करोलबाग, राजेंद्रनगर, मुखर्जीनगर इथे राहणाऱ्या आणि सध्या हाताला काम नसलेल्या आपल्या मराठी मुलामुलींना हा दिवस सोयीचा वाटतो. जरूर जा. पण जाण्याआधी थोडा विचार करा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे हाच एक दिवस आपल्यासाठी आहे असं समजणं. एरवी भारतीयांना तिकीट २० रुपयांच्या आसपास पडतं, म्हणजे मेट्रोच्या जाण्यायेण्यालाच त्याहून जास्त लागतात. नोकरदाराला रविवारशिवाय सवड नसते, तुमच्याकडे मंगळवारची सकाळ आहे. दहाला दार उघडतं तेव्हा जा, दालनं बऱ्यापैकी रिकामी मिळतील. ज्यांना वीस रुपयेही जपावे लागतात त्यांनी मोफत दिवशीच जावं, त्यात संकोच कसला? फक्त सोमवारी संग्रहालय बंद असतं, तेव्हा १८ मे सोमवारी आला तर आधी चौकशी करा.

दुसरी चूक गर्दीतच होते. आत शिरल्या शिरल्या सगळे हडप्पा दालनाकडे धावतात, कारण मोहेंजोदडोची ‘नर्तिका’, म्हणजे नाचणाऱ्या मुलीची कांस्यमूर्ती, पुस्तकात पाहिलेली असते. ती मूर्ती आहे जेमतेम साडेदहा सेंटिमीटरची! हडप्पाचं लाल दगडातलं पुरुषाचं धड तर त्याहूनही लहान. पशुपतीची मुद्रा, म्हणजे ठसा उमटवायचा कोरीव दगड, इतकी छोटी की काचेला नाक लावल्याशिवाय कोरीवकाम कळत नाही. पुढे चार रांगा माणसं आणि वर उंचावलेले मोबाईल असताना यातलं काय दिसणार? म्हणून मोफत दिवशी मोठ्या वस्तू बघा: दगडी शिल्पं, मोठे कांस्य नटराज, बाहेर काचेआड उभा असलेला लाकडी मंदिररथ. या माणसांच्या डोक्यावरूनही दिसतात. लहान वस्तू शांत सकाळसाठी राखून ठेवा. त्याच दिवशी बघायच्याच असतील तर जेवणाच्या वेळी दालनात परत एक फेरी मारा, तेव्हा गर्दी जरा ओसरलेली असते.

मोहेंजोदडोचा ‘पुरोहित राजा’ शोधत फिरू नका. मूळ मूर्ती कराचीला आहे. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ उडतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

मोठी बॅग नेली तर ती जमा करण्यासाठी एक रांग आणि परत घेण्यासाठी दुसरी. खिशात ओळखपत्र, एक वही, पेन्सिल, एवढं पुरे. बाहेर मे महिन्याचं ऊन चाळीसच्या पुढे असतं. पोटभर खाऊन, पाणी पिऊन निघा. उपाशीपोटी रांगेत उभं राहिलं की तासाभरात डोकं दुखू लागतं आणि पाहिलेलं काही लक्षात राहत नाही.

आणखी एक गोष्ट, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. काम नसताना ‘फिरायला’ गेल्याची टोचणी अनेकांना लागते. मग ती फेडायला दिवसभरात सगळंच बघून टाकायचं ठरतं. संग्रहात दोन लाखांहून जास्त वस्तू आहेत, सगळं बघणं कुणालाच जमत नाही. दोन दालनं निवडा. आत कुणी ओळखीचं भेटलं आणि “सध्या काय चाललंय?” असं विचारलं तर “काम शोधतोय, आज संग्रहालय बघायला आलोय” एवढं सरळ सांगा. हे उत्तर पुरेसं आहे.

गर्दीने जीव गुदमरलाच तर मध्य आशियाच्या दालनाकडे वळा. ऑरेल स्टाइन या पुरातत्त्व संशोधकाने वाळवंटातल्या जुन्या वस्त्यांमधून आणि लेण्यांमधून गोळा केलेल्या वस्तू तिथे आहेत, चीनमधल्या दुनहुआंगची रेशमावरची बौद्ध चित्रंही त्याच संग्रहातली. डागडुजीमुळे एखादं दालन बंद असू शकतं, तेव्हा आत जातानाच पहारेकऱ्याला विचारून घ्या.